कागदावर नसलेली ओळ

पिपाणी हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हे. जन्मली तेव्हा तिने असा गळा काढला की आजूबाजूची सगळी बाळं जागी झाली, आणि वडील म्हणाले, "पोरगी कसली, पिपाणी आहे." ते जे चिकटलं ते चिकटलंच. पुढे ती स्वतःच गाणी लिहून, स्वतःच गाऊन, स्वतःच इंटरनेटवर टाकायला लागली, तेव्हा गायिकेचं नाव काय द्यायचं म्हणून तिने बरंच डोकं खाजवलं. चार गोडगोड नावं काढली, आरशासमोर म्हणून पाहिली आणि शेवटी हेच ठेवलं. आईला ते मुळीच पटलं नाही. "लोक हसतील," ती म्हणाली. "हसू देत की, लक्षात तर राहील," पिपाणी म्हणाली, आणि यात तरी तिचं काही चुकलं नाही.

तिच्या पाठीशी कुठली कंपनी नव्हती, आणि त्या धंद्यात कुणी काका-मामाही नव्हता. कपड्यांचं कपाट हाच तिचा स्टुडिओ. टांगलेल्या कपड्यांत आवाज घुमत नाही असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून ती आत शिरून, दार ओढून, कोटांच्या बाह्या गालाला टोचत असताना गायची. उन्हाळ्यात घामाने निथळत बाहेर यायची आणि आई विचारायची, "गाणं म्हटलंस की धुणं धुतलंस?"

गाणं तयार झालं की ते जगाच्या आधी बाबांकडे जायचं. तो घरातला नियमच होता म्हणा ना.

बाबा मोटार चालवायला शिकवायचे. ज्या गाडीत शेजारच्या सीटखाली जादा ब्रेक असतो, त्या गाडीत ते दिवसभर बसत आणि घाबरलेल्या माणसांना रस्त्यावर आणत. या कामात आवाज चढवून चालत नाही. समोरचा आधीच अर्धमेला असतो, त्याच्यावर ओरडलं की तो उरलेलाही मरतो. त्यामुळे बाबांनी सगळा राग, सगळी शिकवण आणि सगळी माया एकाच शब्दात बसवून टाकली होती. गाडी मागे घेताना कुणी कठड्याला लावली की बाबा म्हणत, "पुन्हा." वळणावर गिअर खरडला की, "पुन्हा." जमलं की म्हणत, "बरोबर," आणि खिडकीबाहेर बघत.

घरीही तेच चालायचं. बुटाची नाडी, पाढे, सायकल, शाळेतलं भाषण, सगळ्याला एकच मोजमाप. आता तुम्ही म्हणाल, कसला खडूस बाप! तर तसं नव्हतं हो. नाडी सुटली तर स्वतः खाली बसून, ती परत बांधून होईपर्यंत हा माणूस कामाला उशीर करून घ्यायचा. 'पुन्हा' म्हणणारा माणूस ते पुन्हा होईपर्यंत तिथून हलत नाही, हे पिपाणीला फार उशिरा कळलं.

गाण्याच्या वेळी बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसत, हातातलं घड्याळ काढून ठेवत आणि कानाला हेडफोन लावत. पिपाणी ओट्याला टेकून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभी. गाणं संपलं की निकाल.

"पुन्हा."

"का? काय झालं?"

"मधे कुठेतरी घाई करतेयस."

"तुम्हाला गाण्यातलं काय कळतं हो?"

"काही कळत नाही," बाबा शांतपणे सांगत. "पण घाई कळते."

मग आदळआपट व्हायची, दार वाजायचं, तोंड फुगायचं, आणि दुसऱ्या दिवशी पिपाणी मुकाट्याने परत कपाटात शिरायची. बाबांचं दरवेळी बरोबरच असे, असं मात्र समजू नका. एक गाणं त्यांनी इतकं घोटून घेतलं की त्यातला जीवच गेला, आणि ते गाणं कुणी ढुंकूनही ऐकलं नाही. पण त्यांनी 'बरोबर' म्हटलं की तिच्या अंगात जे बळ यायचं, ते हजार अनोळखी लोकांनी पाठवलेल्या लाल बदामांनी येत नसे. खोटं कशाला बोला, ती गायची त्या एका शब्दासाठी.

हळूहळू नाव व्हायला लागलं. कॉफीच्या दुकानांतून, कॉलेजांतून बोलावणी यायला लागली. टूथपेस्टच्या एका जाहिरातीत तिने तोंडभर फेस काढून गाणं म्हटलं, आणि त्यानंतर गल्लीतली पोरं तिला बघून ब्रश हलवायची. त्या जाहिरातीमुळेच अभिनयासाठी विचारणा होऊ लागली. हल्ली तिथे बोलावून परीक्षा घेत नाहीत. संवादांचा कागद पाठवतात, आणि आपण घरीच फोनसमोर उभं राहून प्रसंग करून पाठवायचा. समोरच्या पात्राचे संवाद फोनमागे बसून कुणीतरी वाचायचे. तो माणूस दिसत नाही, फक्त आवाज येतो.

हे वाचायचं काम आईचं असे, आणि आईसारखा धोकादायक सहकलाकार शोधून सापडणार नाही. पोलिसाचे संवाद वाचताना ती खाकरून आवाज जाड करी. दुःखाचा प्रसंग असला की पिपाणीच्या आधी स्वतः हुंदके देई. एकदा तर पिपाणीने प्रियकराला सोडून जायचं होतं, तर आई फोनमागून म्हणाली, "जाऊ नकोस गं, चांगला मुलगा आहे." ते कागदावर नव्हतं.

तर ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी आई मावशीकडे गेली होती. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ पाठवायचा होता. यावेळी काम मोठं होतं, मालिकेतली धाकटी मुलगी, जवळजवळ मुख्यच. प्रसंग होता घर सोडून निघालेल्या मुलीचा आणि दुकानदार बापाचा. पिपाणीला वाचायला माणूस हवा होता आणि घरात बाबा होते, दुपारच्या दोन शिकवण्यांच्या मधे जेवायला आलेले.

"मला नाही ते नाटक जमायचं," बाबा म्हणाले.

"नाटक नकोच. नुसतं वाचा. सरळ."

ते बसले. घड्याळ काढून ठेवलं, चष्मा लावला. शाळेतलं मूल वाचतं तसं ओळीखाली बोट धरलं आणि वाचायला लागले, ना चढ ना उतार. 'मी तुझ्या वाटेत कधी आलो?' हे वाक्य त्यांनी गॅसचं बिल वाचावं तसं वाचलं. पिपाणीला हसूच फुटलं. मग तिने मन लावून केलं, तरी ते तिचं तिलाच कोमट वाटलं.

"पुन्हा," बाबा म्हणाले. सवयच ती. वाईट हेतू कसला असणार त्यात?

पण पिपाणी आतून चिडली. आधीच धाकधूक, त्यात वेळ जात चाललेला, त्यात हा शब्द. कलाकार निवडणाऱ्या, कास्टिंगच्या बाईंनी निरोपात लिहिलं होतं की शेवटी एखादी ओळ मनाची घातली तरी चालेल. ते तिला आठवलं. तिने फोन सुरू केला. प्रसंग रंगत गेला. बाबांनी बोट सरकवत वाचलं, "मी तुझ्या वाटेत कधी आलो?" आणि तिने कागदावरचं उत्तर दिलं, आणि थांबायचं तिथे थांबली नाही. फोनच्या वर दिसणाऱ्या बाबांच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली, "पुन्हा, पुन्हा, पुन्हा. आयुष्यात एकदा तरी पहिल्याच वेळी 'बरोबर' म्हणायचं होतंत, बाबा. तुमचा आवाज ऐकला की पोटात गोळा येतो माझ्या."

बाबांचं बोट कागदावर थांबलं. थोडं खाली गेलं, परत वर आलं. ती ओळ शोधत होतं ते. पिपाणीला दिसलं सगळं. पण डोळ्यांत खरं पाणी आलेलं, आवाज नेमका फाटायला हवा तसा फाटलेला, अशा वेळी कोण थांबतं? ती नाही थांबली. बाबांनी घसा साफ केला आणि पुढची ओळ वाचली, "जायचंच असेल तर दार लोटून घे."

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

मग ते काहीतरी म्हणतील म्हणून ती थांबली. 'पुन्हा' नाही म्हणाले, 'बरोबर'ही नाही म्हणाले. कागदाची नीट घडी करून टेबलावर ठेवली, घड्याळ बांधलं आणि पुढच्या शिकवणीला गेले. ताटातली अर्धी पोळी तशीच राहिली होती.

त्या क्षणी जिन्यात धावत जाऊन "अहो बाबा, ते सगळं खोटं होतं" म्हणायला तिला कुणी धरलं होतं? कुणी नाही. पण तिने आधी व्हिडिओ बघितला, आणि तो इतका चांगला झाला होता की तिचा पाय दारापर्यंत गेलाच नाही. तिने तो पाठवून दिला. म्हटलं, संध्याकाळी बोलू. संध्याकाळी आई मावशीच्या तक्रारी घेऊन आली. म्हटलं, उद्या बोलू. उद्याचं परवा झालं, आणि एकदा परवावर गेलेलं बोलणं परत हाती लागत नाही.

ती निवडली गेली. कास्टिंगच्या बाईंनी स्वतः फोन केला. "बाकी सगळ्यांनी रडून दाखवलं," त्या म्हणाल्या, "तू बोललीस. ती शेवटची ओळ आम्ही ठेवतोय. लेखकालाही आवडली." आईने आनंदाने तिला दोन धपाटे घातले, चार घरी फोन केले. बाबा नुकतेच कामावरून आले होते. पिपाणीने त्यांना सांगितलं.

"छान," बाबा म्हणाले.

हा शब्द घरात पाहुण्यांसाठी असे. पाहुण्याची मुलगी काही गाऊन दाखवायची तेव्हा बाबा म्हणायचे, छान.

चित्रीकरण सुरू झालं. मालिकेतला बाप म्हणजे बरीच वर्षं काम केलेला भला माणूस, चहाचा कप घेऊन सगळ्यांची चौकशी करणारा. तो प्रसंग आला, तिने ती ओळ म्हटली, आणि एका झटक्यात ते काम झालं. दिग्दर्शक टाळी वाजवून म्हणाला, "बास, पहिल्याच वेळी बरोबर." सगळे हसले. पिपाणीही हसली, आणि मेकअपच्या खोलीत जाऊन बसली. घरातलं रोजच्या वापरातलं भांडं मोडीत घालून आल्यासारखं तिला वाटत होतं.

खरा तमाशा पुढेच झाला. मालिकेच्या जाहिरातीत नेमकी तीच ओळ घेतली. बसथांब्यावर तिचा रडवेला चेहरा आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'एकदा तरी 'बरोबर' म्हणायचं होतंत, बाबा!' लोकांना काय, असं काही मिळायचाच अवकाश. पोरांनी आपापल्या बापांना ऐकवून व्हिडिओ केले. तिची जुनी गाणी एकाएकी लाखो लोक ऐकायला लागले. ज्यासाठी इतकी वर्षं कपाटात घाम गाळला होता, ते दारात येऊन उभं राहिलं होतं.

आणि बाबांच्या गाडीत बसणारी माणसंही टीव्ही बघत होतीच की. एका तरुणाने गाडी मागे घेताना कचऱ्याच्या डब्यावर घातली आणि वर म्हणाला, "सर, एकदा तरी बरोबर म्हणा ना!" बाबा हसले म्हणे. हे पिपाणीला आईने सांगितलं, भाजी चिरता चिरता, गंमत म्हणून. मग आईची सुरी थांबली.

"तुला एक सांगू? त्यांना काहीतरी झालंय. परवा त्यांच्या मोटार शिकवायच्या शाळेचे मालक भेटले होते. म्हणाले, तुमचे साहेब हल्ली सगळ्यांना 'बरोबर, बरोबर' म्हणतात, आणि पोरं लायसनच्या परीक्षेत धडाधड नापास होतायत. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं गं."

पिपाणी तशीच उठून बाहेरच्या खोलीत गेली. बाबा वर्तमानपत्र वाचत होते.

"बाबा, ती मालिकेतली ओळ आहे ना," ती म्हणाली, "लोक काहीही बोलतात. ती लेखकाने लिहिली होती. माझं काही नाही त्यात."

बाबांनी पेपर खाली केला. रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"अगं, कागद माझ्याच हातात होता," ते म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि तिला ओशाळं वाटू नये म्हणून परत पेपर वर केला.

पिपाणी तिथून निघाली ती स्वतःलाच शिव्या घालत. एक तर जिव्हारी लागेल असं बोलली, आणि वर त्यावर पांघरूण घालायला खोटं बोलली, तेही सपशेल उघडं पडणारं. आणि मुळात ते खरं होतं का? पोटात गोळा यायचा, हे खरं. शाळेच्या भाषणाच्या आधी यायचा, गाण्याच्या निकालाआधी यायचा. पण त्या गोळ्यासोबत आणखी काय काय यायचं, ते तिने कुठे सांगितलं होतं? मूठभर खरं होतं, तिने ते पोतंभर करून बापाच्या पायावर आदळलं होतं.

मालिका चालली. नवं गाणं मात्र मनासारखं होईना. दोन गाणी तिने केली आणि सवयीने बाबांना ऐकवली. बाबांनी घड्याळ काढून ठेवलं, पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "छान झालंय." दोन्ही वेळा. ती गाणी तिने जगासमोर ठेवली आणि लोकांनीही छान म्हटलं, आता लोक तिच्या शिंकेलाही छान म्हणत होते. आपलं गाणं चांगलं की वाईट, हे तिला कळेनासं झालं.

तेव्हा तिने एक वेडेपणा केला. सुट्टीच्या दिवशी सकाळी ती कपाटात शिरली आणि एक गाणं मुद्दाम बिघडवून म्हटलं. सुरुवात नीट, पण दुसऱ्या कडव्यात सूर घसरवला, ताल ओढला, शेवटी तर अशी घाई केली की शब्द एकमेकांवर चढले. बहिऱ्यालाही टोचावं असं. बाहेर येऊन ती बाबांसमोर उभी राहिली. मनात एकच, आता तरी म्हणतील. म्हणावंच लागेल. नाही म्हटलं तर या माणसाने आपल्याला सोडून दिलं, असंच समजायचं.

बाबांनी हेडफोन लावले. दुसरं कडवं आलं तसा त्यांचा चेहरा बारीकसा आक्रसला. त्यांनी डोळे मिटले. शेवटपर्यंत ऐकलं, हेडफोन काढून त्याची वायर व्यवस्थित गुंडाळली.

"छान झालंय," ते म्हणाले.

"बाबा, सूर गेलाय दुसऱ्या कडव्यात."

"हो."

"तुम्हाला कळलं?"

"कळलं की."

"मग छान कसलं?" तिचा आवाज चढला. "मी मुद्दाम बिघडवलंय ते. तुम्ही बोलावंत म्हणून."

बाबांनी हेडफोन टेबलावर ठेवले. "पिपाणी," ते म्हणाले, "तू ते बोललीस त्याचा मला राग नाही. मी विचार केला त्याच्यावर. कागदावर त्या बापाला उत्तर होतं, दार लोटून घे म्हणून. मला तेवढंसुद्धा सुचलं नाही. माझ्या आवाजाने माझ्या पोरीच्या पोटात गोळा येतो, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. आता माहीत आहे. माहीत झाल्यावर परत कसं म्हणू?"

"मी चुकले, बाबा. तसं नव्हतं ते. थोडंसं होतं, पण तसं नव्हतं."

"थोडंसं होतं ना? मग झालं तर."

"मला ते हवंय," ती म्हणाली, आणि आता रडायलाच लागली, व्हिडिओत रडली होती तसं नीटनेटकं नाही, नाक लाल करून, तोंड वेडंवाकडं करून. "तुम्ही म्हटल्याशिवाय मला कळत नाही काही. एकदा म्हणा ना. आत्ताच्या गाण्याला म्हणा. 'पुन्हा' म्हणा."

बाबा गडबडले. पोरगी रडत होती आणि जे मागत होती ते देणं काही अवघड नव्हतं. ते उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पुन्हा," ते म्हणाले.

आवाज मऊ होता, जपून ठेवल्यासारखा. तिने म्हणायला सांगितलं म्हणून म्हटलेला तो शब्द होता. बाबांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी लगेच विचारलं, "असं चालेल?"

"छान," पिपाणी म्हणाली.